पाळीचें जिणें व शास्त्रवाचन

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत शास्त्रवाचनाची वेळ पूर्वीं कोणास विचारावी लागत नसे. कोंबडा आरवला, चूल पेटली, कीं दिव्याजवळ पुस्तक उघडलें जाई. रात्रीं जेवणानंतर घरचीं सर्व माणसें एकत्र बसत व घरधनी एक अध्याय वाची. उपदेशकांनीं हीच रीत शिकविली, आणि शेतकऱ्याच्या दिवसास ती शोभतहि होती. परंतु त्याच मंडळ्यांतील पुष्कळ तरुण आज भोसरीस, व पुढें चाकणच्या बाजूस, कारखान्यांत काम करितात. तेथें एका आठवड्यास सकाळची पाळी, दुसऱ्यास दुपारची, तिसऱ्यास रात्रीची. ज्याची पहाट ही कामावरून परतण्याची वेळ झाली, त्यानें पहाटेस उठून वाचावें तें कसें? आठवड्याची सुटीहि, विजेचा भार वांटला जावा म्हणून, तिकडील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारीं असते. प्रभूच्या दिवशीं आमचा भाऊ यंत्रापाशीं उभा असतो.

अशा एका बंधूनें मला सांगितलें कीं, त्यानें वाचन अगदींच सोडून दिलें आहे. आळसानें नव्हे. पेंगुळलेल्या डोळ्यांनीं ओळी चाळणें हा देवाचा अपमान आहे, त्यापेक्षां न वाचणें अधिक प्रामाणिकपणाचें, असें त्यास वाटतें. हें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. मन नसतां केलेली भक्ति खोटी, हें आम्हींच तर त्यास शिकविलें आहे.

तरी त्याची एक चूक होते. दुसऱ्यानें पाहावें म्हणून जें केलें जातें तें ढोंग. भागलेला मनुष्य खाटेच्या कांठावर एकटाच बसून चार वचनें वाचतो, तेव्हां तो कोणास दाखवितो? आई आजारी लेंकराच्या उशाशीं पेंगत बसते, म्हणून तिची माया खोटी असें कोणी म्हणत नाहीं.

खरा दोष मापाचा आहे, आणि तें माप आम्हींच त्याच्या हातीं दिलें. शास्त्राचे अध्याय 1189. वर्षांत सर्व वाचावयाचे तर रोज तीनांहून अधिक हवेत. चार दिवस चुकले कीं डझनभर अध्यायांचें कर्ज डोक्यावर, आणि मग माणूस सावकारास चुकवावें तसा पुस्तकास चुकवितो. रानांत इस्राएलास मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. कालचा राहिलेला आज गोळा करा, असें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. 119 व्या स्तोत्राचीं 176 वचनें 22 भागांत वांटलेलीं आहेत, प्रत्येक भागांत 8. रात्रपाळी करून आलेल्यास एक भाग पुरे.

मग वेळ कोणती? घड्याळ दर आठवड्यास फिरतें, पण कामावरून आल्यावर हातपाय धुवून भाकरीस बसणें कोणत्याहि पाळींत चुकत नाहीं. वाचनाची गांठ त्या भाकरीशीं बांधावी. कोणी कारखान्याच्या गाडींत वाचील, तर कांदके राणीचा कूशी अधिकारीहि रथांतच यशया वाचीत होता, आणि त्यास अर्थ कळत नव्हता तरी त्यानें पुस्तक मिटलें नव्हतें. (यंत्र चालूं असतां मात्र डोळे व चित्त यंत्रावरच असावें, बोट गेलें तर परत येत नाहीं.)

निवांतपणा मिळाल्यावर नीट वाचूं, असेंहि तो म्हणाला. भोसरी ज्या पुणें जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा यांचा संसार चालवीत असतां सबंध शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. त्यास सुमारें 18 वर्षें लागलीं. काम हातावेगळें झालें आणि लौकरच, 5 एप्रिल 1922 रोजीं, त्या प्रभूजवळ गेल्या. त्यांस निवांतपणा कधीं मिळाला असेल, तें केडगांवकरांस विचारावें.

उपदेशक बंधूंस एवढीच विनंति कीं, भोसरीहून कोणी सणास गांवीं आला तर किती अध्याय झाले असें विचारूं नये. काय वाचलें तें विचारावें, आणि बनल्यास गुरुवारीं त्याच्याकडे जावें. वर सांगितलेला बंधु सध्यां मार्काचें शुभवर्तमान वाचीत आहे. अध्याय 16, तो पांचव्यांत आहे. मागल्या आठवड्यांत दोन दिवस चुकले, तेंहि त्यानें आपण होऊन सांगितलें.