सराई

दिल्लीच्या बसमध्ये सराय काले खाँ, बेर सराय, लाडो सराय ही नावं सतत कानावर पडतात. ‘सराय’ म्हणजे आपली सराई, वाटसरूंनी पाठ टेकायची जागा. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने चांदणी चौकात बांधलेली सराई पाहून फ्रेंच प्रवासी बर्निए यांना वाटलं, पॅरिसमध्येही अशा वीसेक हव्यात! १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी ती पाडली. परक्या शहरात रात्री उतरणाऱ्याची धाकधूक मात्र आजही तीच आहे. म्हणून दिल्लीच्या पहाडगंजमधलं, मुक्कामाची सोय असलेलं बृहन्महाराष्ट्र भवन मला मोलाचं वाटतं. तिथे मराठी कानावर पडली, की निम्मा शीण जातो. आज दारी कुणी परगावचं आलं, तर चौकशीआधी पाण्याचा तांब्या पुढे करा.