भीती रोगाची की रोग्याची?

कुवेतमधील मंगफ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी जून २०२४ मध्ये प्रथम ऐकले असेल. तेथे कामगारांच्या एका इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. एका खोलीत अनेक खाटा, सामाईक मोरी, सामाईक स्वयंपाक, असे दिवस काढून घरी पैसे धाडणारी ही माणसे. अशा खोलीत एकाला एड्सची लागण झाल्याचे कळले, तर शेजारच्या खाटेवरील माणसाने भ्यावे काय?

एड्सच्या विषाणूचे मार्ग मोजके आहेत: बाधित व्यक्तीशी निरोधाविना शरीरसंबंध, न तपासलेले रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, एका मोरीत न्हाल्याने, खोकल्याने वा डास चावल्याने तो पसरत नाही. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. म्हणजे शेजाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

तरीही कुवेतमध्ये परदेशी कामगाराला अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे लागते, आणि लागण आढळल्यास त्याची परत पाठवणी होते. आपल्या रहिवाशांना जपण्याचा देशाला अधिकार आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु चाचणीनंतर औषध न देता हाकलून देणार असतील, तर माणूस चाचणीलाच भिईल, आणि लपून राहिलेला रोगच अधिक पसरतो. भारतात सरकारी रुग्णालयांतून २००४ पासून औषध मोफत मिळते. पण गावी परतलेल्याने "इतक्या लवकर कसा आलास?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

दूरच्या कुवेतला नावे ठेवणे सोपे आहे. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांच्या दान केलेल्या रक्तात हा विषाणू आढळला, म्हणून त्यांना ६४ दिवस कोंडून ठेवले होते. आणि आपल्या इस्राएलात? जानेवारी १९९६ मध्ये उघड झाले की, इथिओपियाहून आलेल्या बांधवांनी दिलेले रक्त मागेन दाविद आदोम त्यांना न सांगता टाकून देत असे. त्यांच्यात लागणीचे प्रमाण अधिक, असे कारण देण्यात आले. असेलही. पण सावधगिरी बाळगायची, तर ती दात्याला सांगून बाळगता आली असती. हजारो इथिओपियन यरुशलेमच्या रस्त्यांवर उतरले ते रक्ताच्या पिशवीसाठी नव्हे, अब्रूसाठी.

१९६० च्या दशकात विवाहापूर्वी आमच्या वंशाची चौकशी होऊ लागली, तेव्हा संपूर्ण समाजावर संशय घेतला जाणे म्हणजे काय, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून निदान आम्ही तरी रोगाचे मार्ग नीट जाणून घ्यावेत, शंका आल्यास स्वतःची चाचणी न लाजता करून घ्यावी, आणि कोणी बाधित असल्याचे कळल्यास "कसा झाला?" असे न विचारता "औषध वेळेवर घेतोस ना?" एवढेच विचारावे.