भिंतीची मुदत

झाशी जिल्ह्यातले गुरसराय मराठी वाचकाला नकाशावर चटकन सापडणार नाही. तरी तिथली जहागीर मराठी घराण्याकडे होती, आणि १८५७ च्या धामधुमीत केशवराव नावाचे मराठी राजे तिथे होते. मराठी माणसे या मुलखात आली ती अठराव्या शतकात, मुख्यतः गोविंदपंत बुंदेल्यांच्या मागून. हे गोविंद बल्लाळ खेर मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. त्यांच्या लढायांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कुतूहल आहे ते भिंतींचे. समुद्रकाठी वाढलेला माणूस मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या प्रदेशात राहू लागला, तेव्हा घर या गोष्टीचा अर्थच बदलला असणार.

कोकणात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फरक थोडा. तिथे जाड भिंत बांधून फारसे काही साधत नाही; उतरते छप्पर, पडवी आणि आरपार वारा हवा. बुंदेलखंडात उन्हाळ्यातली दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा अंशांचे अंतर सहज पडते. जाड भिंतीचा सगळा खेळ या अंतरावर चालतो.

जाड भिंत उष्णता अडवते, असे आपण समजतो. ती अडवत नाही. हुंडीसारखी मुदत मागून घेते, आणि मुदतीअखेर रक्कम बरीच घटलेली असते. या देवाणघेवाणीचे गणित फ्रान्सच्या जोसेफ फूरिएने मांडले. १८२२ साली त्याचा ग्रंथ निघाला. दिवसभर तापणारा आणि रात्री निवणारा पृष्ठभाग आत एक लाट धाडतो. ग्रॅनाइटमध्ये सुमारे अठरा सेंटिमीटर आत गेल्यावर त्या लाटेचा चढउतार ३७ टक्के उरतो, आणि तिथवर पोचायला तिला जवळजवळ चार तास लागतात. सुक्या मातीत तेवढीच घट आणि तेवढाच उशीर साधारण बारा सेंटिमीटरांत होतो. म्हणजे हातभर, पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेली धग ठोकळ हिशेबाने दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास आत पोचते, तीही दोन-तीन टक्क्यांवर येऊन. तेवढ्याच जाडीच्या ग्रॅनाइटमधून ती रात्री दीडलाच डोकावते, आणि आठ टक्के बळ राखून. ज्या दगडावर बुंदेलखंड उभा आहे, त्याच्यापेक्षा तिथली माती उन्हाळ्यात अधिक कामाची, हे किल्ले पाहायला जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

माती सरस का ठरते? कारण तिच्यात माती कमी आणि हवा पुष्कळ असते. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन धावतात, म्हणून तांब्याची वाहकता चारशेच्या घरात जाते (एकक सोडून देऊ, प्रमाण पाहू). दगडात तसे धावणारे कोणी नाही. अणूंच्या जाळीतली थरथर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते, आणि आकडा तीनच्या आसपास येतो. मात्र जाळी कडक आणि निर्दोष असेल तर तीच थरथर धातूलाही मागे टाकते: हिऱ्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, तरी तो तांब्याच्या पाचपट उष्णता वाहतो. पाण्याचा आकडा ०.६, त्याच पाण्याच्या बर्फाचा दोनाहून थोडा अधिक. रेणू तेच, फक्त रांगेत बसलेले. आणि हवेचा जेमतेम ०.०२६, कारण तिचे रेणू दूर दूर असतात, टक्कर होईल तेव्हाच ऊर्जा हाती देतात. अट एकच, हवा कोंडलेली हवी. मोकळी सुटली की ती स्वतःच उष्णता उचलून चालू लागते. भुसा घालून मळलेल्या मातीत अशी कोंडलेली हवा असते. पावसाळ्यात त्याच छिद्रांत वीस-पंचवीसपट वाहक पाणी शिरते, आणि भिंतीचा निम्मा गुण जातो.

भिंत नसली तर काय होते, ते गुरसरायच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोंचला दिसले. ७ मे १८५८ रोजी तिथे इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेची लढाई झाली आणि उन्हाने तिचे अनेक सैनिक लोळवले. खुद्द रोजलाही उन्हाचा तडाखा बसला. रणात डोक्यावर काही नव्हतेच, पण छावणीत तरी काय होते? तंबूच्या कापडाला ना जाडी, ना वजन. ते सावली देते, मुदत देत नाही.

जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांशी मात्र माझे पटत नाही. पहाटे आत पोचलेली उष्णता बाहेर काढायला पहाट थंड असावी लागते. म्हणूनच दिवसा दारे-खिडक्या बंद आणि रात्री सगळे उघडे, अंथरूण गच्चीवर, अशी शिस्त होती. रात्रच निवेनाशी झाली तर जड भिंत रोज थोडी शिल्लक पुढे ओढते, आणि आठवडाभराच्या लाटेत तेच घर भट्टी होते. उन्हाळ्याच्या रात्री आता पूर्वीइतक्या निवत नाहीत. मातीच्या भिंतीचा अभिमान बाळगताना हे विसरून चालणार नाही.

नव्या घरांची अडचण वेगळी. बारा सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब जेमतेम तीन तासांची मुदत देतो आणि चाळीस टक्क्यांहून अधिक चढउतार आत सोडतो. दुपारी दोनची धग संध्याकाळी पाचला, माणसे घरी परतू लागतात तेव्हा, डोक्यावर उतरते. उत्तरेत स्लॅबवर मातीचा थर देऊन वर विटांची फरशी बसवायची रीत होती. ती महाग नाही, पण वजन फार. आता लोक आतून थर्मोकोल लावतात. ते उलटे आहे. आतल्या थराने स्लॅब खोलीपासून तुटतो आणि दिवसभर उन्हात तापतच राहतो. खोलीला त्याच्या वजनाचा काही उपयोग होत नाही. हलके आवरण बाहेर, उन्हाच्या बाजूला, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि जड वस्तुमान आत, असा क्रम लावला तर तोच स्लॅब खोलीची उष्णता शोषायला मोकळा राहतो. सामान तेवढेच लागते.