सिल्व्हरला दिलेला शब्द



रविवारच्या मुलांच्या वर्गात सुट्टीच्या दिवसांत आम्ही एखादं मोठं पुस्तक पुरवून पुरवून वाचतो. एरवी पुराणातलं किंवा संतचरित्रातलं घेतो. यंदा मुलांनीच हट्ट धरला, समुद्रावरची गोष्ट पाहिजे, चाच्यांची. मग आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षाला नेमलेली ‘ट्रेझर आयलंड’ बाहेर काढली. रोज रात्री एक-दोन प्रकरणं आपण वाचायची आणि रविवारी मराठीत सांगायची, असं चाललं.

पुस्तक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचं. १८८१ सालच्या उन्हाळ्यात ते स्कॉटलंडमध्ये ब्रेमार गावी राहिले होते. बाहेर पाऊस, घरात सावत्र मुलगा कंटाळलेला. त्याच्याबरोबर बसून एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातूनच गोष्ट निघाली. १८८३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पावसात घरी अडकलेल्या पोरासाठी सुचलेली गोष्ट आज इथे उन्हाळ्यात आमची पोरं ऐकतात, याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. जिम हॉकिन्स हा खानावळवालीचा मुलगा. त्याच्या हाती फ्लिंट नावाच्या मेलेल्या चाच्याच्या खजिन्याचा नकाशा लागतो. डॉक्टर लिव्हसी आणि गावचे जमीनदार जहाज घेऊन निघतात. जहाजावरचा स्वयंपाकी लाँग जॉन सिल्व्हर एका पायाचा, खांद्यावर पोपट, बोलायला गोड. आणि तोच बंडखोर खलाशांचा म्होरक्या निघतो. जिमच्या डोळ्यांदेखत तो एका प्रामाणिक खलाशाला मारतो, का तर तो बंडात सामील व्हायला तयार नसतो.

मुलं अडली ती तिसाव्या प्रकरणापाशी. जिम बंडखोरांच्या हाती सापडलेला असतो. इतर चाचे त्याला मारायला उठतात, सिल्व्हर त्याला वाचवतो. (दयेपोटी नाही हो. उद्या फाशीची वेळ आली तर हा पोरगा आपल्या बाजूने बोलेल, एवढा त्याचा हिशोब.) सकाळी डॉक्टर आजारी चाच्यांना औषध द्यायला येतात. हेही बघण्यासारखं आहे, शत्रू असले तरी आजारी ते आजारी. जिमला डॉक्टरांशी बोलायचं असतं. सिल्व्हर म्हणतो, पळणार नाहीस असा शब्द दे, मग बोल. जिम शब्द देतो.

कुंपणाच्या अलीकडे जिम, पलीकडे डॉक्टर. डॉक्टर म्हणतात, मार उडी, आपण पळू. जिम म्हणतो, मी शब्द दिलाय. डॉक्टर म्हणतात, त्याचा सगळा दोष आणि लाज मी माझ्यावर घेतो, पण तुला इथे सोडवत नाही. जिम नको म्हणतो. वर म्हणतो, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही पळाला नसता. आणि तो काही निर्भय नसतो. आपले हाल केले तर जहाज कुठे लपवलंय हे तोंडून निघून जाईल, ही धास्ती तो डॉक्टरांना सांगतो. तरी परत फिरतो.

इथे पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “काकू, सिल्व्हर तर खुनी आहे. खुन्याला दिलेला शब्द मोडला तर चालत नाही का?”

आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. जेवायची वेळ झाली म्हणून वर्ग सोडला. खरं तर अजून पंधरा मिनिटं होती.

आपल्याकडच्या मुलांना शब्द पाळायची गोष्ट नवी नाही. बेळगावात तर पुण्यकोटी गाईचं कन्नड गाणं मराठी घरांतली पोरंसुद्धा ऐकून ऐकून म्हणतात. गाय वाघाला सांगते, वासराला पाजून येते, मग खा. आणि ती खरंच परत येते. तिचं सत्य बघून वाघच विरघळतो, पश्चात्तापाने जीव सोडतो. आम्ही लहानपणापासून ही गोष्ट सांगत आलो, आणि आता कळतंय की त्यात आम्ही मुलांना नकळत एक आमिषही दाखवत होतो. तू चांगलं वाग, समोरचा वाघ सुधारेल.

स्टीव्हन्सनचा वाघ सुधारत नाही. पुढे खजिना जवळ आला असं वाटतं तेव्हा सिल्व्हर जिमला दोरीने बांधून ओढत नेत असतो, आणि त्याच्या नजरेत जिमला स्वतःचा मृत्यू दिसतो. आदल्या दिवशीचे सगळे वायदे तो विसरलेला असतो. मग खड्डा सापडतो तो रिकामा! बेटावर एकट्या पडलेल्या बेन गनने खजिना केव्हाच उचलून गुहेत नेलेला. त्या क्षणी सिल्व्हर पुन्हा जिमच्या बाजूचा होतो, त्याच्या हातात पिस्तूल देतो. शेवटी परतीच्या वाटेवर एका बंदरात नाण्यांची थैली उचलून पसार होतो. म्हणजे जिमने शब्द पाळला त्याचा सिल्व्हरवर काडीचा परिणाम नाही.

मग जिमकडे हे आलं कुठून? तो काही आज्ञाधारक मुलगा नव्हे. कोणाला न विचारता दोनदा आपल्या लोकांतून सटकलेला पोरगा आहे. आम्हाला वाटतं, उत्तर पुस्तकाच्या सुरुवातीला आहे, आणि ते त्याच्या आईपाशी आहे. त्यांच्या खानावळीत राहणारा म्हातारा खलाशी पैसे न देता मरतो. मायलेक त्याची पेटी उघडतात. चाचे कधीही येतील अशी वेळ. आई म्हणते, माझं येणं आहे तेवढंच घेईन, एक दमडी जास्त नको, आणि एक दमडी कमीही नको. पेटीत देशोदेशीची नाणी, तिला मोजता येतात ती फक्त गिनी. त्या शोधत, मोजत बसते. बाहेर काठीची टकटक ऐकू येते, तरी हटत नाही; शिट्टी ऐकल्यावरच उठते. तिच्या या प्रामाणिकपणाचा आणि लोभाचा, दोन्हीचा, जिमला संताप येतो. घर चालवणाऱ्या बाईला हे प्रकरण वाचून हसू आल्याशिवाय राहत नाही. पण कुंपणापाशी जिम अडतो तो याच हिशोबाने. शब्द गेला की गेला, मग समोरचा गिऱ्हाईक कसाही असो.

(आणि तिथेच, हिशोब पुरा करायला म्हणून, जिम एक पुडकं उचलतो. नकाशा त्यातच असतो. आई दमडी जास्त घेत नाही आणि मुलगा खजिना घेऊन निघतो, हे स्टीव्हन्सनला दिसलं नसेल असं वाटत नाही.)

मुलीच्या प्रश्नाने आम्ही गडबडलो त्याचं कारण घरचं होतं. आमच्या घराची पुढची खोली एका कुटुंबाला भाड्याने दिली होती. त्यांच्या मुलीची दहावी होती. परीक्षा होईपर्यंत खोली सोडा म्हणणार नाही, असं यजमानांनी तोंडी सांगितलं. पुढे भाडं थांबलं. डिपॉझिट भाड्यात वळतं झालं, संपलं. गल्लीत आमच्याविषयी नाही नाही ते बोलणंही सुरू झालं. नातेवाईक म्हणाले, असल्या माणसाला कसला शब्द, कागद तरी केलाय का? आम्ही थांबलो. मुलीचा शेवटचा पेपर झाल्यावर ते दोन महिन्यांचं लाइट बिल ठेवून गेले. जाताना निरोपही घेतला नाही.

शब्द पाळला, हे खरं. पण रोज रात्री जेवताना आम्ही दोघं त्यांच्याबद्दल काय काय बोलत होतो ते इथे लिहिता येणार नाही. मुलगी अंगणात पुस्तक घेऊन बसली की आम्ही मुद्दाम नळ जोरात सोडायचो. जिम कुंपणावरून परत फिरला तेव्हा मनात चरफडला की नाही, हे आम्ही दोनदा वाचून बघितलं. भीती लिहिलीय, चरफड सापडली नाही. पोरगा आहे म्हणून असेल.

पुढच्या रविवारी त्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं, की जिमचा शब्द सिल्व्हरच्या खिशात नव्हता, जिमच्याच खिशात होता, म्हणून त्याला तो टाकून पळता आलं नाही. ती म्हणाली, “पण डॉक्टर तर म्हणाले होते ना, मी घेतो माझ्यावर?” आम्ही म्हटलं, डॉक्टर चांगले होते म्हणून म्हणाले. तिला हे पटलं नाही, तिच्या तोंडावर दिसत होतं.

खोली अजून रिकामी आहे. गेल्या गुरुवारी एक जोडपं विचारायला आलं होतं. माणसं बरी वाटली. मुलगा नववीत आहे म्हणाले, पुढच्या वर्षी दहावी. यजमानांनी आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही चहा ठेवायला आत गेलो.