गीतरत्नातील सावळी वधू

‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली बाजारात आली. तिच्या एका जाहिरातीत बाप मुलगा नाही म्हणून हळहळतो. मग सावळी मुलगी मलम लावून उजळते आणि विमानात नोकरी मिळवते. महिला संघटनांच्या तक्रारींनंतर 2003 साली ती जाहिरात बंद झाली. 2020 साली ‘फेअर’ हा शब्दही गेला. आमच्या मुलींच्या मनातून तो गेला काय? (नाताळाच्या नाटकात मरीयेचे काम बहुधा कोणाला मिळते?)

गीतरत्नातील वधू भावांच्या सांगण्यावरून द्राक्षमळे राखताना उन्हाने काळवंडली. तरी आपले सौंदर्य ती यरुशलेमेच्या कन्यांना निःसंकोच सांगते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तो पहिला अध्याय येत्या रविवारी मुलींकडूनच वाचून घ्या. यंदाची मरीया मग निवडू या.