अंगठा कुणाला दाखवतोस?

फोटो पाहिला. उजव्या पायाचा अंगठा, कडेनं काळपट पडलेली जखम, वर पिवळं मलम थापलेलं. खाली तुझा मेसेज: ‘सर, तीन आठवडे झाले, पण दुखत नाही. पाटणी चौकातल्या मेडिकलवाल्याला विचारून गोळी सांगा. आईला सांगू नका.’

आयुष्यभर विज्ञान शिकवलं मी, गोळ्या नाही विकल्या. आणि तू स्टुटगार्टात बसून वाशिमच्या मेडिकलवाल्याला पाय दाखवतोस? काहून रे? तिथले डॉक्टर संपावर गेले का?

‘दुखत नाही’ म्हणे! तुझ्या काकांनाही दुखत नव्हतं. घोट्यापासून पाय काढायची वेळ आली, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात कागदावर सही कुणी केली? तूच ना? शुगर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्त नीट पोचत नाही, जखम चिघळते आणि माणसाला पत्ताच लागत नाही. हे तुला मी शिकवलंय, डॉक्टरांनी समजावलंय, काकांनी भोगून दाखवलंय. आई रोज शुगरची गोळी घेते. रात्री चार वेळा पाणी प्यायला उठतो, हे मागच्या फोनवर तूच सांगितलंस. आता बेरीज मीच करून देऊ? वर्गात गणितात पहिला यायचास, लेका.

तुझं उत्तर मला पाठ आहे. ‘सर, इकडं डॉक्टर लई महाग.’ कुणाला सांगतोस? पगाराची स्लिप काढ. आरोग्य विम्यापोटी दर महिन्याला पगाराच्या साडेचौदा टक्क्यांहून जास्त जातात. निम्मे तुझे, निम्मे मालकाचे. ते विम्याचं कार्ड पाकिटात नुसतं मिरवायला आहे का? कार्ड दाखवलं की डॉक्टर तपासायचे पैसे मागत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाला बहुधा पाच ते दहा युरो. तेवढ्यात तू शनिवारी पिझ्झा खातोस. त्याचा फोटो मात्र न विचारता पाठवतोस.

दुसरं काय? सुट्टी घेतली तर मालक काय म्हणेल? आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देणं तिथं मालकाला कायद्यानं भाग आहे. आणि तुला नेमकं काय झालंय, ते डॉक्टर त्याला कळवत नाही. कामाचे तास, ओव्हरटाइम, भाड्याचा करार, सगळ्याचे नियम तोंडपाठ. एवढाच नियम बरा राहिला!

भाषेचं तर बोलूच नको. जर्मनची बी-वन परीक्षा पास केलीस, गावात पेढे वाटलेस. त्या पुस्तकांत डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, याचे धडे असतात. फोरमनशी वायरिंगवरून जर्मनमध्ये भांडतोस. मग ‘पायाला जखम आहे’ एवढं बोलताना जीभ कशी अडखळते?

खरं सांगू? पैसा नाही, भाषा नाही, मालकही नाही. शुगर निघेल याची तुला भीती आहे. तपासलं नाही तर ती नाहीच, असा तुझा हिशेब. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याची गत. चाळिशीही गाठली नाहीस, निघाली तर निघाली! वेळेवर कळली तर आटोक्यात राहते. आई इतकी वर्षं काय करते आहे?

आणि ते पार्सल. धाकट्या भावाला अँटिबायोटिकची पाकिटं पोस्टानं पाठवायला सांगितलीस. युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसानं पोस्टानं औषध मागवणं जर्मनीत चालत नाही. कस्टमवाले अडवतील, ते बरंच होईल म्हणा. कोणते जंतू, कोणतं औषध, हे तुमचं दोघा भावांचं फोनवर ठरलं का?

याहून वाईट म्हणजे तुझं बघून दुसरे शिकताहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आपल्याकडं जर्मन शिकायचं वारं आलं. तू त्याआधीच हिमतीनं गेलास, म्हणून रिसोड-मालेगावची पोरं तुलाच विचारतात. आणि तू त्यांना काय सांगतोस? ‘येताना गोळ्यांची पिशवी भरून आणा, इकडं डॉक्टरच्या नादी लागू नका.’ शाब्बास! कुकर आणा, तिखट आणा, अक्कल मात्र घरी ठेवून या.

‘डिसेंबरात येतोच आहे, वाशिमला दाखवतो.’ अंगठा डिसेंबरपर्यंत थांबायला तयार आहे का, विचारलंस त्याला?

उद्या सकाळी दवाखाना उघडला की जवळच्या फॅमिली डॉक्टरला फोन कर. वेळ देत नसतील तर ११६११७ लाव. दवाखाने बंद असले तरी तो नंबर चालतो. रात्रीतून ताप आला किंवा लाली वर चढली, तर सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरकडं गेल्यावर बूट-मोजे काढ, काकांचं सांग, आईचं सांग, रात्रीच्या पाण्याचं सांग. मलम लावून झाकून नेऊ नकोस. शुगर तपासायला तू स्वतः सांग.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, तर परवा सकाळच्या एसटीनं मी तुमच्या गावी येतोय. फोटो आईला मोठा करून दाखवीन. पुढचं तू आणि ती.