खाडीकाठचा जुना रस्ता

मोटारीतून कोकण पाहिलेल्या माणसाला समुद्रकिनारे आठवतात. सायकलवरून गेलेल्याला आधी चढ आठवतात. केळशीहून आंजर्ले, हर्णै, कोळथरे करत दाभोळकडे निघाले, की रस्ता खाडीकाठच्या एखाद्या वाडीत उतरतो आणि लगेच सड्यावर चढू लागतो. उंची फार नसते, शंभर-दीडशे मीटर; पण चढ इतका उभा, की सामानासकट सायकल हातात धरून ढकलावी लागते.

माझ्या मते या प्रवासातले खरे पाहणे ढकलतानाच होते. डाव्या हाताला जांभ्याची कापलेली भिंत असते, सच्छिद्र, वर कोरडी आणि तळाशी ओलसर. सड्यावर पडलेला पाऊस या दगडातून मुरत पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतो. म्हणून विहिरी, पोफळीची आगरे आणि घरे खाली दाटलेली, आणि वर मैलभर नुसते वाळके गवत. गाव इथेच का वसले, हे दम लागल्यावर नीट कळते. वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, दुपारी तो उलटतो आणि वायव्येकडून येऊ लागतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. मुंबईहून गोव्याकडे निघालेले सायकलस्वार याच भरवशावर दुपारचा पल्ला ठरवतात.

मग खाडी येते आणि चाक थांबते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. फेरीबोटीत, म्हणजे स्थानिकांच्या जंगलजेटीत, दुचाक्यांच्या रांगेत सायकल उभी करायची. शेजारी माशांच्या टोपल्या, शाळेची मुले, जांभ्याचे चिरे भरलेला टेम्पो. किनाऱ्याचा जुना राजमार्ग पाण्यावरूनच होता. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, बहमनींच्या बीदरपर्यंत गेला आणि परतीच्या जहाजात चढला तो दाभोळला. या गावांची तोंडे पाण्याकडे होती. डांबरी सडक फार उशिरा आली.

आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर मोठे पूल उभे राहायचे आहेत. निसर्गाच्या ओढीने येणाऱ्या अनेकांना ते नकोसे वाटतात. मला ही भूमिका मान्य नाही. रात्री फेरी बंद झाल्यावर धोपाव्यातल्या माणसाला समोर दिसणाऱ्या दाभोळला जायचे, तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला हा वळसा घालायला लावून आपण सुट्टीतली शांतता राखणार असू, तर त्या शांततेवर आपला हक्क नाही.

पण पूल हवा म्हणजे जुना रस्ता मरू द्यावा, असे कुठे ठरले आहे? आपल्याकडे नवा रस्ता झाला की जुन्याची डागडुजी थांबते. आधी खड्डे पडतात, मग एसटीची फेरी तुटते, मग धक्क्याजवळचे चहाचे हॉटेल बंद होते. जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबकाठी जो सायकलमार्ग आहे, त्याचा बराच भाग घोड्यांनी होड्या ओढून नेण्याच्या जुन्या वाटेवरून जातो. होड्यांना इंजिने आली, घोडे गेले, पण वाट कायम ठेवली. आज तिच्या आधाराने काठच्या गावांतल्या खानावळी आणि मुक्कामाची घरे चालतात, आणि नदी ओलांडायला सायकलस्वारांसाठी छोट्या नावाही आहेत. नदीवर मोठे पूल तिथेही आहेतच.

कोकणात तर वाट नव्याने शोधायचीही गरज नाही. केळशी, कोळथरे, हेदवी, मालगुंड, पूर्णगड यांना जोडणारे अरुंद रस्ते आहेत, घरगुती जेवण आणि राहायची सोय आहे. सायकलवाला मोटारवाल्यापेक्षा हळू जातो, म्हणून जास्त ठिकाणी थांबतो. त्याचा पैसा एका रिसॉर्टच्या फाटकाआड न जाता चार वाड्यांत पडतो. त्याला लागतो खड्डे बुजवलेला रस्ता, प्यायला पाणी आणि पुलावर कठड्यालगत जड वाहनांपासून वेगळी पट्टी. ही पट्टी शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलीलाही तितकीच लागेल. वेसवी, धोपावे, तवसाळ या फेरीच्या गावांच्या ग्रामसभांनी अशा पट्टीचा ठराव पुलांची कामे पुढे जाण्याआधीच करायला हवा, आणि त्यात धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वार्षिक दुरुस्तीचीही मागणी असावी.